गवत गाडीत कोण भरणार?

इ.स. १३०० ची गोष्ट. इंग्लंडच्या पूर्व भागात, नीन नदीच्या काठी एल्टन नावाचं गाव होतं, आजही आहे. गावाचा मालक होता रॅम्झीचा ख्रिस्ती मठ. त्या वर्षी कुरणातलं गवत कापून, वाळवून झालं. ते वाड्यावर न्यायला मठाच्या गाड्या आल्या. पण गावातली लहान कुळं गाडीत गवत चढवायला तयार होईनात. त्यांचं म्हणणं एवढंच: हे काम आमच्याकडे नाही.

प्रकरण गावच्या कचेरीत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, गेलं. ही कुळं मठाची बांधील होती, कायद्याच्या भाषेत स्वतंत्र माणसं नव्हती. तरी चाबूक निघाला नाही. कुळांनी सांगितलं, गावकऱ्यांनाच विचारा. मग गावातलेच पंच बसले आणि जुनी रीत काय आहे ते त्यांनी सांगितलं: कुरणात गवताचे ढीग रचायचे, वाड्यात आल्यावर तिथेही रचायचे, एवढंच यांच्याकडे लागतं. गाडी भरायची ती धन्याने विनंती केली तर, खास प्रेमापोटी. मठाच्या कारभाऱ्यापाशी त्या दिवशी मठाची नोंदवही नव्हती. वही बघून ठरवू, असं म्हणून त्याने प्रकरण पुढे ढकललं.

मध्ययुगावरच्या सिनेमांत किल्ला असतो, चिलखतातला सरदार असतो, आणि मागे कुठेतरी चिखलात उभी असलेली गप्प माणसं असतात. ती माणसं गवताच्या गाडीवरून अशी हुज्जत घालायची, हे कोणी दाखवत नाही. मला मात्र तिथली समाजव्यवस्था समजली ती सरदारांच्या लढायांपेक्षा या हुज्जतींमधून. गावच्या कचेरीतला लेखनिक लॅटिनमध्ये, ताणून वाळवलेल्या कातड्याच्या गुंडाळ्यांवर सगळं टिपून ठेवायचा: कोणाची गुरं कोणाच्या पिकात शिरली, कोणाच्या मुलीचं लग्न झालं, कोणी पाणचट बिअर विकली. अशा हजारो गुंडाळ्या इंग्लंडमध्ये टिकल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. मध्ययुग म्हणजे ढोबळमानाने इ.स. ५०० ते १५००, म्हणजे हजार वर्षं, आणि युरोप म्हणजे नॉर्वेपासून सिसिलीपर्यंतचा प्रदेश. सगळीकडे एकच चित्र नव्हतं. नॉर्वे-स्वीडनमधल्या शेतकऱ्यांना असलं बांधीलपण जवळपास माहीतच नव्हतं, तर इटलीतली शहरं स्वतःचा कारभार स्वतः बघायची. म्हणून मी इथे १३०० च्या आसपासचं इंग्लंडमधलं खेडंच धरून बोलणार आहे.

त्या काळचे विद्वान समाजाचे तीन भाग सांगत: प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. फ्रान्समधल्या लाओं गावचा बिशप अदालबेरो याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला हे काव्यात मांडलं. आपल्याला लगेच वर्णव्यवस्था आठवते, पण इथे घाई करू नये. पाद्र्यांना लग्नाची बंदी होती. म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांचा वर्ग जन्मावर चालूच शकत नव्हता, त्याला प्रत्येक पिढीत माणसं बाहेरूनच घ्यावी लागत. बांधील कुळाचा हुशार मुलगाही पाद्री होऊ शकायचा. फक्त त्यासाठी बापाला धन्याची परवानगी काढावी लागे आणि वर पैसे भरावे लागत. शिवाय या तीन भागांत व्यापारी कुठे बसतो, शिंपी कुठे, गावात बिअर गाळणारी बाई कुठे, याचं उत्तर बिशपसाहेबांकडे नव्हतं.

प्रत्यक्ष गावात भेद वेगळाच होता: स्वतंत्र की बांधील. इंग्लंडमधली साधारण निम्मी शेतकरी जनता बांधील होती. अशा माणसाला इंग्रजीत ‘व्हिलन’ म्हणत. मूळ अर्थ फक्त ‘वाडीवर राहणारा’. वरच्या लोकांनी तो शब्द तुच्छतेने वापरला आणि वापरून वापरून त्याचा अर्थ हलकट, मग दुष्ट असा होत गेला. आपल्या हिंदी सिनेमातला व्हिलन हा मुळात एक गरीब शेतकरी आहे.

व्हिलन गुलाम नव्हता. गुलामाला बाजारात उभं करून विकता येतं, याला सहसा जमिनीपासून तोडत नसत. जमिनीचा मालक बदलला की तोही जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जाई. त्याचं घर, गुरं, अवजारं कायद्याने धन्याची. व्यवहारात मात्र तो ती विकायचा, गहाण टाकायचा, पोरांना द्यायचा. कायदा आणि व्यवहार यांमधल्या या फटीतच गावाचं सगळं आयुष्य चालायचं.

आता शेत बघू. पूर्वी आपल्याकडे अंतर सांगताना ‘फर्लांगभर’ म्हणत. तो शब्द आला या इंग्लिश शेतांमधून. फर्लांग म्हणजे नांगराच्या एका तासाची, म्हणजे सरीची, लांबी, २२० यार्ड. तिथली ओली चिकणमाती उलथायला जड नांगर लागे, त्याला कागदोपत्री आठ बैल. एवढं लटांबर वळवायचं म्हणजे जिकिरीचं काम, म्हणून कमीत कमी वेळा वळावं लागेल असे लांबच लांब, अरुंद पट्टे पाडलेले. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद, म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी लांब असते तेवढा रुंद पट्टा झाला एक एकर. एका दिवसात एका नांगराने जेवढं उरकेल तेवढं, असा त्याचा मूळ हिशोब. आपण ज्याचे ४० गुंठे करतो तो एकर हाच.

एल्टनमधल्या सुस्थितीतल्या कुळाकडे साधारण २४ एकर असायचे. ऐकायला बरेच वाटतात, पण ते एका जागी नसत. अर्धा एकर इथे, एक एकर ओढ्यापलीकडे, असे गावभर विखुरलेले पट्टे, मधे बांध नाही. त्यातली तिसऱ्या हिश्शाची जमीन दरवर्षी पड ठेवायची. उरलेल्यात एकीकडे हिवाळी गहू किंवा राय हे गव्हासारखं धान्य, दुसरीकडे वसंतात पेरलेला जव, ओट, वाटाणा. एक पोतं गहू पेरला तर चारेक पोती हाती यायची. त्या चारातलं एक पुढच्या बियाण्याला. दहावा हिस्सा चर्चला. मग धन्याचा खंड. पाच माणसांचं घर नुसतं तगायला दहा-पंधरा एकर लागत, आणि गावातल्या अनेकांकडे पाचसुद्धा नसत. ते दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात. म्हणजे ‘राबणारे’ या एका शब्दाखाली शेजारीशेजारी दोन जगं होती: बैल असलेला व्हिलन आणि फक्त विळा असलेला. कित्येक ‘स्वतंत्र’ माणसं तर बांधील शेजाऱ्यापेक्षा गरीब होती.

पट्टे असे गुंतलेले असल्याने कोणी आपल्या मनाने काही पेरू शकत नव्हता. कापणी झाली की सगळं रान गुरांना मोकळं व्हायचं. ज्याचं पीक उभं राहील त्याचं नुकसान. म्हणून काय पेरायचं, कधी कापायचं, गुरं कधी सोडायची हे गाव मिळून ठरवी. रात्री शेतातून पेंढ्या वाहायच्या नाहीत. धडधाकट माणसाने सांडलेल्या ओंब्या वेचायच्या नाहीत, त्या म्हाताऱ्यांसाठी आणि पोरांसाठी. व्हिलनच्या गळ्यातली दोरी नेहमी धन्याच्याच हातात असायची असं नाही, बऱ्याचदा ती शेजाऱ्यांच्या हातात असे.

धन्याला द्यायची मुख्य गोष्ट म्हणजे वेठ. आठवड्याचे दोन-तीन दिवस धन्याच्या शेतावर बिनमजुरीचं काम. त्यात घरच्या कर्त्यानेच जावं असं नसे. पोरगा किंवा गडी पाठवला तरी चाले. शिवाय सुगीत जादा दिवस. नेमकं स्वतःचं पीक कापायला आलेलं असताना धन्याचं कापायला जायचं, यासारखा जाच नाही. त्या जादा दिवसांचं नाव मात्र गमतीदार होतं: त्यांना ‘कृपा’ म्हणत, जणू कुळानेच धन्यावर मेहेरबानी केली. त्या दिवशी धन्याने जेवण द्यायचं. बिअरसकट जेवण असेल तर ती ‘ओली’ कृपा, बिअर नसेल तर ‘कोरडी’. भाकरी किती मोठी, तिघांत किती हेरिंग मासे, चीज मिळणार की नाही, हे सगळं ठरलेलं, आणि एक मासा कमी पडला तरी बोभाटा.

वेठीशिवाय बारीकसारीक वसुल्या होत्या. मुलीचं लग्न करायचं तर पैसे. गाव सोडून बाहेर राहायचं तर दरवर्षी पैसे. मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली तर दंड. घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर धन्याचं, आणि बऱ्याच गावांत दुसऱ्या नंबरचं पाद्र्याचं. नवरा पुरून आलेल्या बाईच्या गोठ्यातून एकाच आठवड्यात बैल आणि गाय दोन्ही जायची. त्याच बाईला रिवाजाने नवऱ्याच्या जमिनीवर हयातभर हक्कही असे, कुठे सगळ्या जमिनीवर, कुठे निम्म्या. तो हक्क धनी सहसा मोडत नसे.

नववधूवर पहिल्या रात्री जहागीरदाराचा हक्क, ही मोठी लोकप्रिय गोष्ट आहे. त्याला पुरावा नाही. गुंडाळ्यांमध्ये सापडतो तो लग्नाचा कर, पेनींमध्ये. एकूणच या धन्यांना कुळांच्या शरीरापेक्षा त्यांच्या पेनींत जास्त रस होता असं दिसतं. पेनी म्हणजे चांदीचं छोटं नाणं, बारा पेनींचा एक शिलिंग. मजुराची दिवसाची कमाई दीड-दोन पेनी.

सगळ्यांत जास्त चीड होती ती गिरणीची. धान्य धन्याच्या पाणचक्कीवरच दळायचं आणि पिठातला ठरलेला हिस्सा तिथेच सोडायचा. त्या काळचा गिरणीवाला म्हणजे हमखास मापात पाप करणारा माणूस. घरी जातं फिरवलं तर दंड. लोक अर्थात फिरवायचेच. या जात्यांची गोष्ट पुढे येईल.

बहुतेक गावांत धन्याच्या वतीने रोजचा कारभार पाहणारा ‘रीव्ह’ बांधील कुळांमधूनच निवडला जाई, आणि बहुधा गावच त्याला निवडे. (परगण्याचा मोठा रीव्ह तो शेरीफ. मुंबईचं शेरीफपद त्याच नावाचं.) रीव्हने वेठीची हजेरी घ्यायची, बियाण्याचा हिशोब ठेवायचा, वर्षअखेरीला कमी भरलेले पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचे. शेजारी शिव्या घालणार, मठ संशय घेणार. एल्टनमध्येच मायकेल नावाच्या रीव्हबद्दल सर्व संतांच्या सणाला चर्चच्या आवारात लोक उघड बोलले, की याने मठाच्या वेठीच्या माणसांकडून स्वतःचं शेत कापून घेतलं. मायकेलने अब्रूनुकसानीचा दावा लावला. पंचांनी त्याला निर्दोष ठरवलं, बोलणाऱ्यांना दंड झाला. खरं काय ते आता कोण सांगणार, पण असला आरोप मनात येण्याइतकी ती युक्ती लोकांच्या परिचयाची होती, एवढं नक्की.

कचेरीत कोणी वकील नसे. धन्याचा कारभारी अध्यक्ष, पण निवाडा गावचे पंच देत. बारा वर्षांवरच्या मुलग्यांना आणि पुरुषांना दहा-दहाच्या गटांत बांधलेलं असे. एकाने गुन्हा केला तर त्याला हजर करायची जबाबदारी बाकीच्यांची. चोर दिसला की बोंब ठोकायची आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून धावायचं. धावला नाही तर दंड, आणि उगाच बोंब ठोकली तरी दंड. पोलीस नावाचा प्रकार नव्हता. शेजार हाच पोलीस.

बिअरचा मामला याहून मजेशीर. ‘एल’ म्हणजे हॉप नावाची कडू फुलं न घातलेली बिअर, दोन-चार दिवसांत आंबून जाणारी. म्हणून एकीच्या घरी गाळली की शेजारणींनी विकत घ्यायची, मग पुढच्या आठवड्यात दुसरीच्या घरी. हा धंदा बहुतांशी बायकांचा. दारावर काठी लावली की समजायचं, माल तयार आहे. चव आणि माप तपासायला गावाने नेमलेले चाखे असत (या पदासाठी उमेदवारांची वाण पडली असेल असं वाटत नाही). तेराव्या शतकात भाकरी आणि एलचे दर-माप ठरवणारा कायदा झाला होता. पण गुंडाळ्या वाचल्या की दिसतं, त्याच त्या बायकांना दर कचेरीला तोच तो दोन-चार पेनींचा दंड. हा दंड नव्हताच, परवान्याची फी होती. धन्याला पैसे मिळाले, बाईचा धंदा चालू राहिला.

घरं लाकडी सांगाड्याची, कुडाच्या भिंतींवर माती लिंपलेली, वर गवताचं छप्पर. धुराडं नाही. मधे जमिनीवर चूल, धूर छपरातून वाट काढील तसा. एका टोकाला गुरं, त्यांची ऊब थंडीत कामाला यायची. भिंत इतकी तकलादू की चोर दार फोडण्यापेक्षा कूड फोडून येत. मडक्यात दिवसभर शिजणारं धान्य, वाटाणा, कोबी, कांदा यांचं कालवण, सोबत राय किंवा जवाची काळी भाकरी, सणाला डुकराचं मांस. बटाटा नाही, टोमॅटो नाही. नाक मुरडायचं कारण नाही, त्या काळी आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतही बटाटा, टोमॅटो किंवा मिरची नव्हती. ते सगळं अमेरिकेतून आलं, दोनशे वर्षांनंतर.

लग्नाची पद्धत वाचून मी चाट पडलो होतो. चर्चच्या कायद्याने मुलगा आणि मुलगी एकमेकांना ‘मी तुला वरतो’, ‘मी तुला वरते’ म्हणाले की लग्न झालं. पाद्री नको, साक्षीदार नकोत, आईबाप तर नकोतच. चर्चला हे आवडायचं नाही, १२१५ मध्ये लग्नाची आधी जाहीर घोषणा करण्याचा नियम झाला, पण गोठ्यात, झाडाखाली दिलेला शब्दही बंधनकारकच राहिला. मग व्हायचं असं की पुढे एक म्हणे शब्द दिला होता, दुसरा म्हणे छे, आणि धार्मिक न्यायालयात त्याचे खटले चालत.

हे सगळं किती तकलादू होतं ते १३१५ मध्ये कळलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पाऊस थांबलाच नाही. धान्य कुजलं, मीठ वाळेना, पाठोपाठ गुरांची साथ आली. इंग्लंडमध्ये दहातला एक तरी माणूस दगावला असावा. त्यातून सावरतात तोवर १३४८ च्या उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरात प्लेग उतरला आणि दीड वर्षात देशातली तिसऱ्या हिश्शाहून अधिक, कदाचित निम्मी माणसं गेली.

जमीन तेवढीच, हात निम्मे. जिथे एका तुकड्यासाठी दहाजण रांगेत असायचे तिथे शेतं ओसाड पडली. मजूर दुप्पट मागू लागले. सरकारने १३४९ मध्ये फर्मान काढलं आणि १३५१ मध्ये कायदा केला: प्लेगच्या आधीचीच मजुरी घ्यायची, गवत वाळवणाऱ्याला दिवसाला एक पेनी, त्याहून जास्त नाही. पण शेजारच्या गावचा जमीनदारच गुपचूप जास्त द्यायला तयार असेल तर कायदा काय करणार? कुळं रातोरात पसार होत. ज्या गुंडाळीत आधी लग्नाचे दंड भरलेले असत तिथे आता ‘पळाला’, ‘कुठे आहे माहीत नाही’ अशा नोंदी दिसू लागतात.

१३८१ मध्ये चार वर्षांतला तिसरा डोईपट्टीचा कर आला आणि केंट, एसेक्स या परगण्यांमधली खेडी उठली. बंडवाले लंडनपर्यंत पोचले. त्यांची मागणी होती की कोणीही बांधील राहू नये आणि एकरी खंड चार पेनींवर जाऊ नये. चौदा वर्षांच्या राजा रिचर्डने कबूल केलं आणि नंतर शब्द फिरवला. पण गावोगावी या लोकांनी आधी काय केलं ते पाहा: कचेरीच्या गुंडाळ्या बाहेर काढून जाळल्या. त्यांना अक्षरं वाचता येत नसतील, पण आपलं बांधीलपण कुठे ठेवलंय ते नेमकं माहीत होतं.

आता ती जाती. सेंट ऑल्बन्स गावच्या मठाने पन्नास वर्षांपूर्वी लोकांच्या घरांतली जाती जप्त केली होती, आणि मठाधिपतीने त्या दगडांची फरशी आपल्या दिवाणखान्यात बसवली होती. त्यावरून चालायचं. १३८१ च्या जूनमध्ये गावकरी मठात शिरले, फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसा एकेक तुकडा एकमेकांना दिला. मठातल्याच एका साधूने हे लिहून ठेवलंय, अर्थात संतापून. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब याला काही आठवड्यांत फाशी झाली.

बंड मोडलं, पण माणसं तुटपुंजीच राहिली, आणि जमीन कसायला कोणीतरी हवंच होतं. पुढच्या शंभर वर्षांत धन्यांनी वेठ पैशांत बदलली, मग ‘बांधील’ हा शब्दच कागदातून गळत गेला. कुळाला जमीन देताना कचेरीच्या गुंडाळीतल्या त्या नोंदीची नक्कल त्याच्या हातात देऊ लागले. ज्या वहीने बांधलं होतं तिचाच एक उतारा आता मालकीचा पुरावा झाला, आणि शेतकरी तो पेटीत जपून ठेवू लागले. इंग्रजीत याला कॉपीहोल्ड म्हणत, नकलेवर धरलेली जमीन. ही पद्धत इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९२६ रोजी कायद्याने बंद झाली.